झावळ्यांवरचं शिसं

बस्त्याव सर मला कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं मानणारे पुष्कळ लोक आहेत, आणि त्यांनी उगाच पुढे वाचून स्वतःला त्रास करून घेऊ नये. सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. मयताला मी त्यांच्या गावी, उमेळ्याला गेलो होतो. तिथे जो उठला तो त्यांना मायाळू म्हणाला, मनमिळाऊ म्हणाला, एकाने तर हसतमुख म्हटलं. मी मागच्या बाकावर बसून विचार करत होतो, की ही मंडळी चुकून दुसऱ्याच कुणाच्या मयताला तर आली नाहीत ना.

मी वसईतल्या एका शाळेत प्रयोगशाळेचा परिचर. सर रसायनशास्त्र शिकवायचे. एकोणीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो, आणि 'हाताखाली' हा शब्द मी अगदी विचार करून वापरतोय. लहानखुरा माणूस. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखं मांसाला लागेपर्यंत कापलेली, अंगाला लाल साबणाचा वास. सकाळी मी लॅबचं दार उघडलं की 'काय रे, कसा आहेस' वगैरे काही नाही. पहिला शब्द एकच, "हात दाखव." मी दोन्ही हात पुढे करायचे, सर ते उलटेसुलटे करून बघायचे, आणि मग मला आत सोडायचे. मला दोन मुलं झाली, केस पांढरे झाले, तरी हात दाखवणं सुटलं नाही. मुख्याध्यापिका एकदा कौतुकाने लॅब बघायला आल्या, तर त्यांना दारातच म्हणाले, "बाई, तुमच्या तोंडाची पावडर माझ्या तराजूत पडते." बाई पुन्हा त्या जिन्याला फिरकल्या नाहीत.

काचेची भांडी धुण्याची त्यांची एक रीत होती. आधी नळाचं पाणी, मग ॲसिडचं, मग डिस्टिल्ड पाणी तीन वेळा. भांडं उपडं केल्यावर पाणी काचेवरून सरळ पातळ उतरलं पाहिजे. कुठे थेंब अडून राहिला तर भांडं मळकं. मग सर ते भांडं खिडकीशी धरून, अख्ख्या वऱ्हांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "थेंब लटकला, पाटील!" पोरांनी माझं नावच थेंब पाडलं. वसई स्टेशनवर अजून एखादा टक्कल पडलेला बाप्या मला बघून आपल्या बायकोला सांगतो, "हे आमचे थेंब." सरांना हे माहीत होतं. थांबवलं नाही.

पण माझा खरा राग त्या शनिवारचा आहे. आम्ही जूचंद्रचे, आगरी. आमच्या घरात शनिवारी मारुतीला जाऊनच कामाला निघायची पद्धत. त्या दिवशी कपाळाला शेंदूर लावून मी लॅबच्या दारात आलो. सर म्हणाले, "कपाळ धू."

"सर, देवाचं आहे."

"देवाचं नाही, शिशाचं आहे. शेंदूर म्हणजे लेड ऑक्साइड. तुला घाम येणार, तू कपाळाला हात लावणार, तोच हात माझ्या बीकरला. धू."

समोर नववीतल्या दोन मुली उभ्या होत्या. मी नळाखाली डोकं घातलं. बेसिनमधून ते लाल पाणी जाताना बघून मला रडू आलं, दुःखाने नाही, संतापाने. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "सोर ती नोकरी." दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, म्हणाला, "उद्यापासून माझे बरोबर चल, त्या पावाला मी बगतो." ख्रिस्ती माणसाला आमच्याकडे चिडवून पाव म्हणतात. मी नोकरी सोडली नाही. शाळेची नोकरी कोण सोडतं? फक्त त्या दिवसापासून मी सरांशी कामापुरतंच बोलायला लागलो, आणि त्यांना तो फरक कळलासुद्धा नाही, कारण ते माझ्याशी आधीपासून कामापुरतंच बोलत होते.

न्यायाने सांगायचं तर, ख्रिस्ती लोक कपाळाला राख लावतात त्या राखेच्या बुधवारी सर स्वतःही कोऱ्या कपाळाने लॅबमध्ये यायचे. राख शाळा सुटल्यावर लावून घ्यायचे. तेवढा सारखेपणा होता. पण सारखेपणाने माणूस गोड होत नाही.

आता त्या राखेचं सांगितलं पाहिजे, कारण सरांचं सगळं वेड तिथेच होतं. ईस्टरआधीचा उपवासकाळ संपत येतो तेव्हा ख्रिस्ती लोकांचा झावळ्यांचा रविवार असतो. चर्चमध्ये प्रत्येकाला माडाच्या झावळीची पाती आशीर्वाद देऊन मिळते. घरी आणून ती ओटीवरच्या क्रूसामागे खोचतात. तिथे ती वर्षभर राहते, वाळते. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवाराआधी त्या सगळ्या जुन्या पात्या चर्चमध्ये परत द्यायच्या, त्या जाळायच्या, आणि त्याचीच राख कपाळाला. एवढी साधी गोष्ट. कुणाच्या मनात आलं नसेल, पण सरांच्या आलं, की उमेळ्यातल्या प्रत्येक घराच्या ओटीवर, छपराखाली, पावसाने धुतली न जाता, एकच वस्तू एकाच दिवशी टांगली जाते आणि एकाच आठवड्यात उतरवली जाते. अकरा महिन्यांत हवेतून जे काही पडतं ते तिच्यावर बसतं. लाखो रुपयांचं यंत्र लावूनही एवढ्या घरांतली हवा मोजता आली नसती.

म्हणून दरवर्षी, पात्या चर्चमध्ये जायच्या आधी, सर दारोदार फिरायचे. हातात चिमटा, खिशात कागदाच्या पुड्या. प्रत्येक घरातून वीतभर तुकडा कापून घ्यायचे आणि पुडीवर नाव घालायचे. लोकांना ते आवडत नसे. चर्चच्या सेवेकऱ्याने एकदा तोंडावर सांगितलं, की सर, अशाने राख कमी पडेल. सर म्हणाले, "पडू दे. कपाळाला काय फासतोस ते आधी कळू दे." फादरांनी मध्ये पडून दोघांना गप्प केलं म्हणतात.

त्या पुड्या शनिवारी अर्ध्या शाळेनंतर लॅबमध्ये यायच्या. धुवायचं काम माझं. एकेक पाती सौम्य ॲसिडच्या पाण्यात बुडवायची, हलवायची, पाणी गाळून बाटलीत भरायचं, बाटलीवर नंबर. सरांचा एक जुना विद्यार्थी मुंबईत कॉलेजात होता, त्याच्याकडे यंत्र होतं. तो महिन्याभराने आकडे पाठवायचा. शिसं, जस्त, तांबं, कॅडमियम. सर निवृत्त झाले तरी हे चालूच राहिलं. नवीन मुख्याध्यापकांनी शनिवारची परवानगी देऊन टाकली, बहुधा भांडायला नको म्हणून.

सरांच्या आईची एक ट्रंक होती. म्हातारीला आशीर्वादाची पाती जाळायला देणं जिवावर यायचं, म्हणून ती दरवर्षी एक तुकडा कापडात बांधून, वर साल लिहून ठेवून द्यायची. सरांनी ती ट्रंक उघडली आणि त्या जुन्या पात्याही धुवून घेतल्या. त्यातून जे निघालं ते त्यांनी एकदा नववीच्या वर्गाला फळ्यावर काढून दाखवलं. मी मागे परीक्षानळ्या मांडत होतो, म्हणून ऐकलं. एवढं एकच भाषण मी त्यांचं मनापासून ऐकलं असेन.

"शिसं जमिनीत असतं," ते म्हणाले. "दगडात. पृथ्वी ते आपल्या हाताने थोडंथोडं हवेत सोडते. वाऱ्याने धूळ उडते, ज्वालामुखी पेटतो, रानाला आग लागते, समुद्राचे तुषार उडतात. ते पुन्हा खाली पडतं, मातीत जातं, समुद्राच्या तळाशी जातं. हा फेरा तिचा, हळूहळू चालणारा. मग आपण आलो. दगड खणला, भट्टीत वितळवला, पेट्रोलमध्ये घातला, आणि तिला पुष्कळ वर्षं लागली असती तेवढं एका दिवसात वर पाठवलं. ही माझ्या आईच्या वेळची पाती. पेट्रोलमध्ये शिसं होतं तेव्हाची. बघा किती वर आहे. पेट्रोलमधलं बंद झालं, आणि हे बघा, खाली आलं. आमच्या ओटीवर! कुणी झाडू मारला नाही, कुणी नवस केला नाही. माणसाने सोडलं तेव्हा चढलं, माणसाने थांबवलं तेव्हा उतरलं." मग त्यांनी खडूने शेवटची रेघ ओढली. ती पुन्हा वर चढत होती. "आणि हे गेल्या काही हिवाळ्यांतलं. आता हे कोण सोडतंय, ते शोधायचं."

कोण सोडत होतं ते मला माहीत होतं. दादा सोडत होता. म्हणजे दादाच्या जागेत सोडलं जात होतं. जूचंद्रच्या बाहेर, मिठागराच्या कडेला आमची बापजाद्यांची जमीन. भात पिकेना, तेव्हा दादाने तिथे पत्र्याचे गाळे बांधले. एका गाळ्यात एका शेठने भट्टी टाकली. जुन्या गाड्यांच्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवून विटा पाडायच्या. दादा नुसता जागामालक नव्हता. दिवसभर तिथेच खुर्ची टाकून बसायचा, देखरेख करायचा. त्याला त्या गाळ्याचा अभिमान होता. आमच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी मालक झालं होतं.

हिवाळ्यात सकाळचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो धूर रेल्वेलाइन ओलांडून सरळ उमेळ्याच्या वाड्यांवर जायचा. उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, तेव्हा सगळं उलट आमच्याकडे. सर मला एकदा म्हणाले, "हिवाळ्यात तुम्ही आम्हाला पाठवता, उन्हाळ्यात ते तुमचं तुम्हाला. आम्ही काही ठेवून घेत नाही." हे ते हसून म्हणाले नाहीत.

गाळा कुणाचा, हे त्यांना चांगलं माहीत होतं. तरी पुड्या धुवायला मीच. मी एकदा धीर करून विचारलं, की सर, मला यात कशाला ओढता? तर म्हणाले, "तुझ्या हातून धुतलेलं असलं, की तुझ्या भावाला खोटं म्हणता येणार नाही." म्हणजे एकोणीस वर्षं माझे हात बघितले ते यासाठी. मी त्यांचा साक्षीदार, तोही फुकटचा, आणि माझ्याच घराविरुद्ध. अंगाची लाहीलाही झाली माझी.

आणि मग ती पुडी आली. त्या वर्षी शेठच्या भट्टीच्या परवान्याचं नूतनीकरण होतं, आणि सरांनी तक्रार टाकली होती. चाळीसेक घरांच्या पात्या होत्या. मी एकेक धुवत होतो, सर प्रत्येक बीकर स्वतः खिडकीशी धरून बघत होते. काडी, कीडा, रंगाचा कण, काहीही दिसलं की पाती बाद. अशा सात-आठ त्यांनी फेकल्याही होत्या. एका घरच्या पातीला मेणबत्तीचं मेण लागलं होतं, त्या बाईला त्यांनी फोन करून झापलं. मग एक पुडी आली, तिच्यावर त्यांचंच नाव. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, "हे राहू दे, हे आमच्याच घरचं." बीकर बघितला नाही. पुढची पुडी उघडायला लागले.

मी बघितला. तळाला चार-पाच बारीक कण बसले होते. केशरी, लालसर. तो रंग मला कुणी शिकवायला नको होता. लहानपणापासून मी तो बोटाने कपाळाला लावत आलो होतो.

सरांच्या ओटीवरचा क्रूस लोखंडी होता. मी तो पाहिलेला होता. खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून त्यांची बायको, रीटाबाई, दर नाताळला त्याला रंग द्यायची. वर चंदेरी, आणि खाली आधी होड्यांच्या लोखंडाला लावतात तो जुना केशरी हात. नायगावच्या इनास नावाच्या नातेवाईक कोळ्याने डबा दिला होता, कित्येक वर्षं पुरला. तोही शिशाचाच. माझ्या कपाळावर होतं तेच त्यांच्या क्रूसावर होतं. अख्ख्या गावाच्या ओट्या सरांनी तपासल्या, माझं कपाळ धुवायला लावलं, आणि स्वतःच्या दाराशी मात्र त्यांनी मान वर करून बघितलं नाही.

मी बोलायला हवं होतं. "सर, हे बाद," एवढे तीन शब्द. मी ते पाणी गाळलं, बाटलीत भरलं, नंबर घातला. वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं.

महिन्याने आकडे आले. सगळ्यांत वरचा आकडा सरांच्या घरचा. सरांचा चेहरा असा झाला, की जणू बक्षीस लागलंय. "माझ्याच ओटीवर!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. तक्रारीच्या कागदात त्यांनी तो आकडा सगळ्यांत वर लिहिला.

रविवारी जेवताना मी दादाला सांगितलं. दादाने घास खाली ठेवला. "खरा सांगतस? त्याचे क्रूसाचाच रंग?"

"त्याचाच."

"मंग बस झाला," दादा म्हणाला आणि हसायला लागला. मलाही हसू आलं. खोटं कशाला सांगू, त्या दुपारी आम्ही दोघं भाऊ बऱ्याच वर्षांनी एकत्र हसलो.

बैठक एका सरकारी कार्यालयात झाली. अधिकारी, शेठ, शेठचा वकील, दादा, आणि उमेळ्याचे दहा-बारा लोक घेऊन बस्त्याव सर. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ. सर अर्धा तास बोलले. कुणाची गय केली नाही. अधिकाऱ्यांना म्हणाले, "तुम्ही खुर्चीत बसून श्वास घेता ना, तो काही सरकारी नाही." शेठला म्हणाले, "तू विटा विकतोस, धूर आम्हाला फुकट देतोस." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग वकील उठला. अगदी गोड आवाजात त्याने एकच प्रश्न विचारला.

"सर, तुमच्या ओटीवरच्या क्रूसाला खालून कुठला रंग दिलाय?"

सरांनी मान वळवून आपल्या बायकोकडे बघितलं. रीटाबाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तो... आमच्या इनासने दिलेला. केशरी." त्यांना कळलंही नाही की काय झालं.

दुसरा कुणी असता तर सारवासारव केली असती. आता बघतो, विचारतो, काहीतरी. सर म्हणाले, "मी तपासलं नाही. माझी चूक. माझ्या घरचा आकडा काढून टाका."

वकील म्हणाला, "आणि बाकीच्या घरचे?"

"बाकीचे मी तपासलेत. ते ठेवा."

"स्वतःच्या घरचं ज्यांना दिसलं नाही, त्यांना दुसऱ्यांच्या घरचं दिसलं असेल, हे कशावरून मानायचं?" असं म्हणून वकील खाली बसला. खोलीत कुणीतरी फिदीफिदी हसलं. उमेळ्याच्याच एका माणसाने खाली मान घालून बाहेरचा रस्ता धरला. परवाना मिळाला. अट एवढीच घातली, की धुरांडं आणखी उंच करा. सर उठून म्हणाले, "उंच केल्याने कमी होत नाही, लांब जातं. आता जे आमच्यावर पडत होतं ते पुढच्या चार गावांवर पडेल." अधिकारी कागद गोळा करत होते. मी दादाबरोबर त्याच्या गाडीत बसून घरी आलो.

सोमवारी सर शाळा भरायच्या आधी लॅबच्या दारात उभे. हातात कागदाची पुडी. हात दाखव म्हणाले नाहीत. आत जाऊन त्यांनी पुडीतले केशरी पापुद्रे परीक्षानळीत टाकले, ॲसिड घालून गरम केलं, पाणी गाळून घेतलं. मग मला म्हणाले, "धर." मी नळी धरली. त्यांनी पोटॅशियम आयोडाइडचे थेंब सोडले. नळी पिवळीधमक झाली. शाळेतला साधा प्रयोग आहे हा, शिसं ओळखण्याचा. दरवर्षी मुलं आरडाओरडा करतात.

"आहे," सर म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून नळी घेतली, स्वतः धुतली, पाच वेळा, उपडी ठेवली आणि निघून गेले. रंगाचं वकिलाला कुणी सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. मला त्यांचा सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर त्याचा. विचारलं असतं, तर मी त्यांना शेंदराच्या शनिवारचं सगळं सुनावलं असतं. पाठ करून ठेवलं होतं.

पुढच्या वर्षी लॅबमध्ये झावळ्या आल्या नाहीत. लोक म्हणाले, सरांनी नाद सोडला. मला वाटलं, बरं झालं.

मे महिन्यात एका दुपारी सर आपल्या खटारा स्कूटरवरून जूचंद्रला आमच्या अंगणात आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. दादा जेवून बाजेवर पडला होता. तो उठून बसला आणि म्हणाला, "या सर, बसा. आता आमचे दाराव पन क्रूस लावाचा हाय का काय?"

"बसायला आलो नाही," सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "पाटील, दसऱ्याचं तोरण अजून आहे का दाराला?"

होतं. आमच्याकडे दसऱ्याला झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, ते पुढच्या दसऱ्यापर्यंत कुणी काढत नाही. वाळून काळं पडलं होतं. सरांनी स्टूल मागितलं. वर चढायच्या आधी विचारलं, "चौकटीला रंग?"

"नाही सर. सागवान आहे, नुसतं तेल."

"वरच्या गणपतीला शेंदूर?"

"चंदन लावतो."

"पुन्हा आठव."

मी पुन्हा आठवलं. नाही म्हणालो. त्यांनी तरी नखाने चौकट खरवडून बघितली, लाकडाची एक ढलपी वेगळ्या पुडीत घेतली, मग चिमट्याने तोरण उतरवलं. शेजारच्या दोन घरांचीही मागून घेतली. तेवढ्यात दादाची सून पाणी घेऊन बाहेर आली. तिला सातवा महिना होता. सर पाणी घ्यायचं विसरून तिच्याकडे बघत राहिले.

"कितवा?" त्यांनी मला विचारलं.

"सातवा."

सरांनी पुड्या खिशात घातल्या आणि गेले. दादा म्हणाला, "याचा डोका गेलाय." मी हो म्हणालो.

पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच वेळेला स्कूटरचा आवाज आला. या वेळी सर खाली उतरलेच नाहीत. फाटकातूनच हाक मारली. दादा नुकताच गाळ्यावरून आला होता, बाजेवर बसून रुमालाने मान पुसत होता. सून अंगणात चटईवर जवळा वाळत घालत होती. समुद्राकडून वारा सुटला होता, तिने पदर नाकाला बांधला होता.

"लाकूड कोरं निघालं," सर मला म्हणाले. "तोरणात आहे. तिन्ही घरांच्या आहे. तुमच्यात सगळ्यांत जास्त. आकडा माझ्या घराच्या वर. म्हणजे आमच्या क्रूसाच्या, त्या रंगासकट."

"किती, सर?"

"लिहून आणलाय. नंतर वाच." त्यांनी कागद माझ्या हातात कोंबला. "पोटातल्या पोरापर्यंत जातं ते. आईच्या रक्तातून सरळ. पोरीला माहेरी पाठव. आजच. माहेर कुठे?"

"चंदनसार."

"चालेल. तिथल्या डॉक्टरला रक्तातलं शिसं तपासायला सांग. आणि याचे कपडे," त्यांनी दादाकडे हनुवटी केली, "घरात येऊ देऊ नका. भट्टीची धूळ अंगावरून घरात येते. गाळ्यावरच बदलायचे, तिथेच धुवायचे."

मी वाट बघत होतो. आता ते बोलतील. रंगाचं, वकिलाचं, बीकरच्या तळाचं. त्यांचा हक्क होता. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, ते पाठ केलेलं सगळं. सर म्हणाले, "उभा काय राहिलास?" आणि स्कूटरला किक मारली. तीन वेळा मारली तेव्हा ती सुरू झाली.

दादा बाजेवरून उठला. काहीतरी फटकन बोलेल असं मला वाटलं. तो दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. शर्टाची बटणं काढली, शर्ट उतरवला, आणि तो हातात धरून उघड्या अंगाने तसाच उभा राहिला. कुठे ठेवायचा ते त्याला कळेना. मग म्हणाला, "रिक्सा बोलव."

मी रस्त्याकडे बघितलं. मिठागराच्या वळणावर सर स्कूटर थांबवून मागे बघत होते. त्यांनी हात वर करून अंगणाकडे बोट दाखवलं, दोन वेळा, जोरात, वर्गात एखाद्या ढिम्म मुलाला दाखवायचे तसं. सून अजून चटईवरच बसली होती.